बारा-तेरा

पहिली कॅसेट निघाली तेव्हा
कव्हरवर नुसता एक पाना होता, बारा-तेराचा,
जॉनी दाभाडेच्या गॅरेजातला, झेरॉक्स मशीनवर ठेवून काढलेला,
म्हणून एक तोंड काळं आलं
आणि एक आलंच नाही.
नाव 'भंगार'. किंमत पंचवीस.
मोंढ्यातल्या घड्याळाच्या दुकानात ठेवल्या, तेरा खपल्या.
वैजनाथ म्हणतो, चौदा.
चौदावी त्यानं उचलली होती.

आज चौघं बसलोत मामा चौकात,
पोटं सुटलेली, सत्यशीलाच्या चष्म्याला दोन मजले,
आणि भांडण तेच:
दुसरा अल्बम भारी का तिसरा?

'सेकंड शिफ्ट'मध्ये, मुदस्सीर सांगतो, रोलिंग मिल वाजते,
खरी मिल. उत्तम खरातनं टेपरेकॉर्डर
डब्याच्या पिशवीत, भाकरीखाली लपवून नेला होता.
भट्टीतून लाल सळई सुटते ना,
तो आवाज ड्रमच्या आधी येतो. ऐक कधी.
"ऐकून ऐकून मपला टेप गेला," सत्यशीला म्हणते,
"पण 'पाणी सुटलं'मधी इफ्तेखारची गिटार
नळावानी येती. आधी नुसती हवा.
मंग गढूळ.
मंग एकदम."
पंधरा-पंधरा दिवसांनी नळ यायचा तेव्हा जालन्याला.
पुण्याच्या माणसाला हे गाणं समजावून सांगता येत नाही.

मग परतूरचं लग्न निघतंच.
नवरदेवाच्या मामानं फोनवर विचारलं होतं,
बँड आहे ना तुमचा?
पोपट म्हणाला, हाव.
किती माणसं?
चार.
चारच? मामानं भाव पाडला.
वरातीला घोडा तयार, डोक्यावर ट्यूबलाइटी घेऊन बाया उभ्या,
आणि टेम्पोतून उतरले हे,
केस खांद्यापर्यंत, ना लाल कोट ना क्लॅरोनेट.
मामा पांढरा पडला.
उत्तमनं जनरेटरच्या गाड्यालाच वायर जोडली,
जॉनी ड्रमसकट हातगाड्यावर चढला,
आणि 'भंगार'चं पहिलं गाणं
बाजारगल्लीतून पायी पायी निघालं.
घोडा उधळला म्हणतात.
नाचला, मुदस्सीर म्हणतो.
झोपला होता बे घोडा, वैजनाथ म्हणतो, उभ्यानंच.
ट्यूबवाल्या बायांची ओळ मात्र मोडली,
भिंतींवरचा उजेड हलायला लागला,
एका म्हातारीनं मामाच्या खिशातली नोट काढून
मामावरूनच ओवाळली.

हे सगळं मी सांगतो. दर वेळी मीच सांगतो,
वासासकट: डिझेल, मोगरा, तापलेली वायर.
मी नव्हतो तिथं.
दुसऱ्या दिवशी बारावीचा फिजिक्सचा पेपर होता,
कडी लावून मी भिंगाचं सूत्र घोकत होतो.
वीस वर्षांत कुणी विचारलं नाही,
आणि आता मलाच
नव्हतो असं नक्की म्हणवत नाही.

चहा आला. वैजनाथच्या पोरानं मोबाइलवर
'पाणी सुटलं' लावलं,
कुणीतरी साफसूफ केलेलं, खरखर काढून टाकलेली.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
मी वाट बघत राहिलो.
माझ्या कॅसेटवर तिथं अण्णा येतात.
अडतीवर मुनीम होते; फोनवरचे भाव टिपायला
हाताशी कागद नव्हता, लाल बटण दाबलं.
"हॅलो. एक, दोन. येतंय का रे?
आवाज येतंय का?"
मग सरकी, मग तूर, मग एक खोकला,
मग इफ्तेखार, अर्ध्यातून.

पोराच्या मोबाइलवर गाणं सलग गेलं,
एकही भाव न सांगता.
"कसं वाटलं काका?"
चांगलंय, म्हणालो.
मधलं थोडं गेलंय.